भूगोलाच्या तासाला, मागच्या बाकावर

ती त्या खोलीत शिरली ती चक्क रडायला.

शाळेसारख्या ठिकाणी रडायला जागा मिळणं किती अवघड असतं, हे बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. स्टाफरूममध्ये चहा चालू असतो. ग्रंथालयात ग्रंथपाल चष्म्याच्या वरून बघतात. जिन्याखाली शिपाईमामा डबा उघडून बसलेले असतात. नोकरीला लागून जेमतेम पाच आठवडे झालेल्या गणिताच्या नव्या बाईने त्या दिवशी सगळीकडे डोकावून पाहिलं आणि शेवटी व्हरांड्याच्या टोकाला ‘साहित्य’ अशी पाटी असलेलं दार ढकललं.

आत एक माणूस होता. तिच्याकडे पाठ करून जमिनीवर मांडी घालून बसलेला. डोक्यावर जुना पंखा खडखडत होता. आणि त्याच्या मांडीवर पृथ्वी होती – मधोमध उकललेली, दोन तुकड्यांत.

“माफ करा,” ती म्हणाली.

तो हलला नाही.

“अहो... आत कुणी आहे हे माहीत नव्हतं मला.”

तरीही नाही. ‘काय शिष्ट माणूस आहे!’ तिच्या मनात आलं. ती दोन पावलं पुढे झाली, तिची सावली त्याच्या हातावर पडली, तेव्हा कुठे तो वळला. नुसती मान नव्हे, अख्खाच्या अख्खा वळला आणि इतका मोकळा हसला, की तिच्या घशाशी आलेलं रडू गोंधळून तिथेच थबकलं.

“बरं झालं आलात,” तो म्हणाला. “दक्षिण गोलार्ध जरा धरता का?”

आता यावर काय बोलणार? तिने पदर खोचला आणि दक्षिण गोलार्ध धरला.

“घट्ट धरा हं. मागच्या वेळी एकट्याने चिकटवली, तर विषुववृत्त वाकडं झालं. सातवी ब मधली पोरं म्हणतात, पृथ्वीची कंबर लचकलीय.”

सातवी ब! नाव ऐकूनच तिचे डोळे पुन्हा भरून आले. ज्या वर्गातून ती आत्ता पळ काढून आली होती, तोच तो वर्ग. त्याने चिकटपट्टी दातांनी तोडली, तिच्याकडे एकदा पाहिलं, आणि काय झालं, कशानं झालं, असं काही म्हणता काहीही विचारलं नाही.

“नाकाला खडू लागलाय तुमच्या,” एवढंच म्हणाला. “उजवीकडे... नाही, नाही. तुमच्या उजवीकडे.”

असे हे भूगोलाचे सर. मुलांनी त्यांचं नाव ‘होकायंत्र’ ठेवलं होतं, कारण कुणीही बोललं की ते त्या दिशेला पूर्ण वळत. नव्या बाईंचंही बारसं एव्हाना होऊन गेलं होतं. पहिल्याच चाचणीत तिने अर्धा-अर्धा गुण कापला, तेव्हापासून ती झाली ‘वजाबाकी’.

तिचा वर्ग आणि भूगोलाची खोली यांच्यामध्ये एकच भिंत होती. तिसरा तास गणिताचा, चौथा भूगोलाचा. तिसऱ्या तासाला तिच्यासमोर बसून कागदी बाण सोडणारी, एकमेकांच्या वेण्या बाकाला बांधणारी, ‘बाई, याने मला डोळे वटारले’ म्हणून दर दोन मिनिटांनी उठणारी तीच चाळीस मुलं चौथ्या तासाला शेजारी जात. मग भिंतीपलीकडून एक शांतता यायची. मग एका मुलाचा आवाज. पुन्हा शांतता. मग दुसऱ्याचा. मग सगळ्यांचं हसू – आणि पुन्हा शांतता.

मोकळ्या तासाला वह्या तपासायच्या सोडून ती भिंतीला कान लावून बसायला लागली. काय करतो काय हा माणूस? ओरडत नाही, छडी आपटत नाही. जादूटोणा आहे का?

कुणाला विचारायची सोय नव्हती. त्या स्टाफरूमची रीतच तशी होती. खुर्च्या ठरलेल्या, कपाटं ठरलेली, प्रत्येक कपाटाला वेगळं कुलूप. पावसावर बोलायचं, बसच्या गर्दीवर बोलायचं, मुख्याध्यापिकाबाईंच्या नव्या परिपत्रकावर हळू आवाजात बोलायचं. पण ‘आज माझा तास पार कोसळला हो’, असं कुणी बोलल्याचं कुणाच्या ऐकिवात नव्हतं. विज्ञानाच्या मोठ्या बाई एकोणतीस वर्षं शिकवत होत्या. त्यांचा तास बहुधा एकोणतीस वर्षांत एकदाही कोसळला नव्हता.

घरी तिने वहिनीला सांगितलं. वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होती.

“मग त्याच्या तासाला जाऊन बस की,” वहिनी म्हणाली.

“असं कसं जाऊन बसू? शिक्षक आहे मी!”

“मी नाही का, लग्न होऊन आले तेव्हा शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे? त्यांनी काय मला खाल्लं? ... आणि काय गं, दिसायला कसा आहे तो भूगोल?”

“वहिनी!”

“अगं, सहज विचारलं. मला आपली भूगोलाची आवड आहे.”

दुसऱ्या दिवशी शाळा सुटताना भुरभुर पाऊस होता. फाटकाशी ती त्याला गाठायला धावली.

“सर, एक विचारायचं होतं. तुमच्या तासाला... म्हणजे मागच्या बाकावर... मी येऊन बसले तर चालेल?”

तिला वाटलं होतं तो हसेल. पण त्याचा चेहरा एकदम बदलला. घाबरल्यासारखा झाला. क्षणभरच. छत्री या हातातून त्या हातात गेली.

“माझ्या तासात बघण्यासारखं काही नाही हो.”

“ते मी ठरवेन.”

“असं?” आता मात्र त्याच्या ओठाचा एक कोपरा वर गेला. “मग माझीही अट आहे. मी पण तुमच्या तासाला येऊन बसणार.”

“माझ्या? अहो, माझ्या तासात बघण्यासारखं...”

“ते मी ठरवेन,” तो म्हणाला.

अशी ती मागच्या बाकावर बसू लागली. गुडघे बाकाला टेकत होते. शेजारच्या मुलीने तिला खोडरबर देऊ केलं. मांडीवर वही घेऊन ती बघत राहिली आणि दिसेल ते टिपत गेली. सर कायम खोलीच्या एकाच कोपऱ्यात उभे राहतात, उजवा खांदा भिंतीला लावून. मूल बोलायला लागलं की त्याच्याजवळ चालत जातात, तोंडाकडे बघत ऐकतात. आणि मग ती गंमत – एका मुलाने उत्तर दिलं की दुसऱ्याला विचारतात, “काय म्हणाला रे तो? तुझ्या शब्दांत सांग बघू.” त्यामुळे कुणालाही गाफील राहता येत नाही. सगळे एकमेकांचं ऐकतात. कारण सर कुणाला विचारतील याचा नेम नाही!

‘काय सुरेख पद्धत आहे!’ तिने वहीत लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या.

मग तो तिच्या तासाला आला. तास संपल्यावर त्याने चार घड्या घातलेला एक कागद तिच्या टेबलावर ठेवला. त्यात एकच ओळ. ‘तुम्ही प्रश्न विचारता आणि दीड सेकंदात उत्तरही तुम्हीच देता. घड्याळ लावून पाहिलं.’

ती जाम चिडली. संध्याकाळभर चिडली. दुसऱ्या दिवशी वर्गात तिने प्रश्न विचारला, आणि ओठ घट्ट मिटून मनात आकडे मोजत उभी राहिली. एक... दोन... तीन... चार... कुणी हसलं. पाच... सहा... आणि खिडकीजवळून एक हात वर आला. त्या हाताची मालकीण जून महिन्यापासून एक शब्द बोलली नव्हती.

“बाई, छेद सारखे करायला हवेत ना आधी?”

“काय म्हणाली ती?” बाईने दुसऱ्याला विचारलं. तिचाच आवाज कापत होता. “तुझ्या शब्दांत सांग.”

त्या दिवशी कागदी बाण सुटले नाहीत असं नाही. सुटले. पण दोनच.

आता रोज शाळा सुटल्यावर अर्धा तास दोघं भूगोलाच्या खोलीत बसायला लागली. तिचं पाठाचं टाचण तो वाचायचा, त्याचं ती. तो म्हणाला, नकाशाचं प्रमाण मुलांच्या डोक्यात शिरत नाही. ती म्हणाली, गुणोत्तर माझ्याही मुलांच्या शिरत नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“म्हणजे एकच गोष्ट आपण भिंतीच्या दोन बाजूंनी शिकवतोय,” ती म्हणाली.

“आणि दोन्हीकडे नापास होतोय,” तो म्हणाला.

पुढच्या आठवड्यात दोघांनी तास जोडून घेतले आणि सातवी ब मोजपट्ट्या घेऊन मैदानावर उतरली. शाळेचा नकाशा काढायचा. एका गटाने मैदानाची लांबी साठ मीटर सांगितली, दुसऱ्याने एकसष्ट. जुंपली! मुलं तिच्याकडे धावली, “बाई, कोण बरोबर?” उत्तर तिच्या जिभेच्या टोकावर होतं. पलीकडे तो उभा होता. त्याने नुसत्या भुवया उंचावल्या. तिने उत्तर गिळलं.

“तुम्हीच शोधा,” ती म्हणाली.

आणि त्यांनी शोधलं. खिडकीजवळच्या त्याच मुलीने ओरडून सांगितलं, “यांनी पट्टी तिरकी धरली होती!” व्हरांड्यात उभं राहून मुख्याध्यापिकाबाई बघत होत्या. मुलं वर्गात परतेपर्यंत त्या तिथून हलल्या नाहीत.

त्या दिवशी बसथांब्यापर्यंत दोघं चालत निघाली. तो नेहमी तिला आपल्या डाव्या हाताला ठेवून चालायचा. तिला ती त्याची सवय वाटायची. पण वाटेत एका ठिकाणी पदपथ खणलेला होता, गाड्या अंगावर येत होत्या, म्हणून तो तिला आत घेऊन स्वतः रस्त्याच्या बाजूला झाला. आता ती त्याच्या उजवीकडे होती. ओल्या रस्त्यावर दिवे लागत होते. तिला फार छान वाटत होतं, आणि छान वाटलं की माणूस नको ते बोलून जातो.

“उद्या रविवार,” ती हळूच म्हणाली. “पहिल्यांदाच असं होतंय, की मला रविवार नकोसा वाटतोय... तुम्ही भेटत नाही ना रविवारी.”

बोलून गेली आणि कानशिलं तापली. ती वाट पाहत राहिली. एक, दोन, तीन... दहा. तो समोर बघत चालत राहिला. मग म्हणाला, “तुमची बस आली वाटतं.”

रविवारभर तिने उशीत तोंड खुपसलं होतं. दादा म्हणाला, “छोटीला बरं नाही का?” वहिनी म्हणाली, “भूगोलाचा पेपर अवघड गेलाय.”

सोमवारी ती त्याच्याशी मोजकंच बोलली. मंगळवारीही. मंगळवारी संध्याकाळी तिने आपली ती टिपणांची वही उघडली. उगाचच, चिडायला काहीतरी हवं म्हणून. उजवा खांदा भिंतीला. बोलणाऱ्याजवळ चालत जातात. तोंडाकडे बघत ऐकतात. उत्तर दुसऱ्याकडून वदवून घेतात. नेहमी मला डावीकडे ठेवून... ती ताडकन उठून बसली. साहित्याच्या खोलीतला तो खडखडता पंखा आठवला. दोनदा बोलूनही न वळलेली ती पाठ आठवली.

बुधवारी तो नकाशा रंगवत बसला होता. ती त्याच्या उजवीकडे जाऊन उभी राहिली आणि अगदी हळू आवाजात म्हणाली, “सर, बाहीला शाई लागलीय तुमच्या.”

तो रंगवत राहिला.

ती टेबलाला वळसा घालून डावीकडे आली. “सर, बाहीला शाई लागलीय.”

“अरे, हो की!” त्याने बाही पाहिली. मग तिच्याकडे पाहिलं. तिला चेहऱ्यावर काही लपवता येत नसे. त्याने कुंचला खाली ठेवला.

“कधी कळलं?”

“काल,” ती म्हणाली. “मी... मी आत्ता तुमची परीक्षा घेतली. फार वाईट वागले. मला असं करायला नको होतं.”

“लहानपणी गालगुंड झाले होते,” तो म्हणाला. “उजवा कान गेला तो गेलाच. एका कानावर चालतं तसं सगळं. पंखा, गाड्या, गलका – असं काही आलं मध्ये की पंचाईत.” तो थोडा हसला. “तुम्ही ज्या पद्धतीखाली दोन रेघा मारल्या होत्या ना, ती पद्धत नाही. पांघरूण आहे. मुलं काय बोलतात ते नीट ऐकू येत नाही, म्हणून दुसऱ्याकडून वदवून घेतो.”

“तुम्ही माझी वही वाचलीत?”

“तुम्ही बाकावर विसरला होतात. उघडीच होती... बरं, वाचली.”

“पांघरूण असेल तुमच्यासाठी,” ती म्हणाली. “माझी मुलं त्यामुळे पहिल्यांदा एकमेकांचं ऐकायला लागली. मला त्याच्याशी मतलब.” आणि जरा थांबून, “इथे कुणालाच माहीत नाही?”

“नाही, आणि कळायला नकोय. आधीच्या शाळेत सांगितलं होतं. दुसऱ्या दिवसापासून सगळे माझ्याशी ओरडून बोलायला लागले. तिसऱ्या महिन्यात वर्ग काढून घेतला आणि मला कचेरीत बसवलं. दाखले लिहायला.”

बाहेर पागोळ्या गळत होत्या. मग त्याने भीत भीत विचारलं, “शनिवारी रस्त्यात... तुम्ही काही बोलला होतात का? त्या खड्ड्यापाशी? घरी गेल्यावर मला वाटत राहिलं, की तुम्ही काहीतरी बोललात आणि मी...”

ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “म्हटलं, रविवारी तुम्ही भेटत नाही, म्हणून मला रविवार आवडेनासा झालाय.”

या वेळी ती त्याच्या डावीकडे होती. त्याचे कान – दोन्हीही – लाल झाले.

“मला तर गेला महिनाभर आवडत नाही,” तो म्हणाला.

सगळं इतकं गोड चाललं होतं, की सहामाहीच्या तोंडावर मुख्याध्यापिकाबाईंचं परिपत्रक आलं तेव्हा तिने ते नीट वाचलंही नाही. भूगोलाच्या खोलीत संगणक येणार. पुढच्या सत्रापासून भूगोल तळमजल्याच्या मोठ्या सभागृहात. एवढंच तर होतं. तिने वर पाहिलं, तर तो पांढराफटक पडला होता.

ते सभागृह रस्त्याला लागून होतं. वर पत्रे, खाली सहा पंखे, आणि शब्द उच्चारला की तो चारही भिंतींवर आपटून परत यायचा. तिथे दोन चांगले कान असलेल्या माणसालाही कठीण.

दोन दिवसांनी बसथांब्यावर त्याने खिशातून एक लिफाफा काढून दाखवला. राजीनामा. शहरात एका नकाशे छापणाऱ्या कार्यालयात त्याला काम मिळत होतं.

“तिथे बरं आहे,” तो म्हणाला. “नकाशे बोलत नाहीत.”

“मुख्याध्यापिकाबाईंना नुसतं सांगा ना! खोली बदलून द्या म्हणा.”

“आणि पुन्हा दाखले लिहू?”

“सगळ्या शाळा सारख्या नसतात.”

“तुम्हाला पाच महिने झालेत बाई. मला अकरा वर्षं.”

आता ती खरंच संतापली. “मी रडत त्या खोलीत शिरले होते ना, तेव्हा मलाही वाटत होतं की कुणाला सांगितलं तर संपलं. तुम्ही शिकवलंत मला, तास कोसळला तर कोसळला म्हणायचं. मागच्या बाकावर बसायचं, विचारायचं. हे सगळं माझ्यापुरतं होतं का? तुम्ही तेवढे वेगळे?”

बस आली. त्याने लिफाफा परत खिशात घातला. ती चढून गेली. तिने ठरवलं होतं, त्याचं गुपित ती कुणालाही सांगणार नाही. ते त्याचं होतं. पण तिचं स्वतःचं एक होतंच की!

शनिवारी सत्राअखेरची सभा होती. विषयपत्रिका संपली, वह्या मिटायला लागल्या, तेव्हा ती उभी राहिली.

“मला एक बोलायचंय,” ती म्हणाली. “मला सातवी ब शिकवता येत नव्हती. पहिले पाच आठवडे मी रोज रडायला जागा शोधत होते. भूगोलाच्या सरांनी मला त्यांच्या तासाला बसू दिलं, माझे तास बघितले, चुका सांगितल्या. नाहीतर मी आज इथे नसते. आणि मला विचारायचंय... आपण सगळेच असं का करत नाही?”

कुणी मिटलेली वही पुन्हा उघडली, कुणी पेनाला टोपण लावलं. तिला वाटलं, झालं. आता मुकाट्याने बसावं.

“मला प्रगतिपुस्तकातले शेरे लिहिता येत नाहीत,” कोपऱ्यातून खेळाचे सर म्हणाले. धिप्पाड माणूस, पण आवाज एवढासा. “घाम फुटतो. धाकट्या बहिणीकडून लिहून घेतो.”

कुणीतरी फिस्सकन हसलं. मग चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, नववी क च्या नुसत्या विचाराने त्यांना आदल्या दिवशी जेवण जात नाही. आणि मग, एकोणतीस वर्षं शिकवणाऱ्या मोठ्या बाईंनी टेबलावर हात ठेवला.

“माझे गुडघे गेलेत,” त्या म्हणाल्या. “दुसऱ्या मजल्यावर चढताना जीव जातो. वर पोचल्यावर दहा मिनिटं मी मुलांना वाचन करायला लावते. अभ्यास म्हणून नाही, धाप लागते म्हणून. तीन वर्षं झाली. कुणाला सांगणार? म्हणतील, म्हातारी झाली.”

तिने भूगोलाच्या सरांकडे पाहिलं नाही. मुद्दामच नाही. पण खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“मला उजव्या कानाने ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “अजिबात. खाली त्या सभागृहात मला शिकवता येणार नाही.”

“अगं बाई!” मोठ्या बाई ओरडल्याच. “म्हणजे चार वर्षं मी तुमच्या उजवीकडे बसून सकाळी ‘नमस्कार’ म्हणतेय, आणि तुम्ही ढुंकून बघत नाही... मी तुम्हाला शिष्ट समजत होते हो! घरी यांनासुद्धा सांगून ठेवलंय, आमच्याकडे एक महाशिष्ट माणूस आहे!”

स्टाफरूममध्ये हशा फुटला. तोही हसला. हसता हसता त्याने चष्मा काढून पुसला.

मुख्याध्यापिकाबाई मात्र हसत नव्हत्या. त्या परिपत्रकाकडे बघत होत्या. “दुसऱ्या मजल्यावर कोपऱ्यातली खोली कुणाकडे आहे?” त्यांनी विचारलं.

“माझ्याकडे,” मोठ्या बाई म्हणाल्या. “अगदी निवांत आहे. मागे नुसती झाडं.” बोलता बोलता त्यांच्या डोळ्यांत प्रकाश पडला. “आणि ते सभागृह तळमजल्यावर आहे, नाही का? मला काय हो, माझा आवाज सहा पंख्यांना पुरून उरेल!”

“मला हे आधी का नाही सांगितलंत कुणी?” मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या. मग स्वतःशीच बोलल्यासारखं, “मीही कधी विचारलं नाही म्हणा.” त्यांनी पेन काढून परिपत्रकावर काट मारली. आणि दुसरी ओळ लिहिली ती अशी, की पुढच्या सत्रापासून प्रत्येकाला आठवड्यात एक तास मोकळा, दुसऱ्याच्या वर्गात मागच्या बाकावर बसण्यासाठी. पहिलं नाव त्यांनी स्वतःचंच लिहिलं.

सुट्टीतल्या एका सकाळी खोल्यांची हलवाहलव होती. खेळाच्या सरांनी कपाटं नेली. मोठ्या बाई खाली सभागृहाच्या दारात खुर्ची टाकून हुकूम सोडत होत्या. शेवटी उरलं भूगोलाचं लांबलचक टेबल. ते त्या दोघांनी उचललं. तो पुढे, पायऱ्यांवर उलटा चालत. ती मागे, खालच्या टोकाला. जिन्याच्या खिडकीतून ऊन येत होतं.

गेल्या चार दिवसांत दोघं फारसं बोललीच नव्हती. सभेनंतर त्याने फक्त एवढंच सांगितलं होतं, की लिफाफा फाडला. आणि तिने फक्त “बरं केलंत,” म्हटलं होतं. पुढचं काही कुणालाच सुचत नव्हतं. सगळे बघत असायचे. सुट्टी लागेपर्यंत मुलं तर होकायंत्र-वजाबाकी, होकायंत्र-वजाबाकी असं फळ्यावर लिहून पुसायची.

“मोठ्या बाई म्हणत होत्या,” तो वर चढता चढता म्हणाला, “की पुढच्या सत्रात स्टाफरूममध्ये तुमची खुर्ची माझ्या डाव्या हाताला टाकू या.”

“मोठ्या बाईंना बऱ्याच गोष्टी सुचतात.”

“मी म्हटलं, त्यांना विचारून सांगतो.”

“मग विचारा ना.”

“खुर्चीचं?” तो म्हणाला आणि पुढची पायरी न बघताच पाय मागे टाकला.

“अरे, थांब! पडशील ना! मागे बघ की जरा –”

तो थांबला. टेबल दोघांच्या हातांत तरंगत राहिलं. तिने जीभ चावली. कान, गाल, मान, सगळं तापलं.

“काय म्हणालात?” त्याने विचारलं.

“काही नाही. मागे बघा म्हटलं.”

“नाही. ‘थांब’ म्हणालात. ‘पडशील’ म्हणालात.” त्याच्या चेहऱ्यावर असं काही उजळलं होतं, की तिला तिकडे बघवेना आणि नजरही काढवेना. “हे मी नीट ऐकलंय. एकूण एक अक्षर.”

“टेबल जड आहे,” ती म्हणाली.

“आहेच.”

“सगळा भार माझ्याकडे आलाय.”

“मग लवकर सांग,” तो म्हणाला. आणि त्या ‘सांग’वर तिच्या हातातलं टेबल खरोखर थरथरलं. “तुझ्या घरी दादाला भेटायला येऊ का मी? या रविवारी?”

खाली मोठ्या बाईंचा आवाज घुमत होता, “अहो, ते टेबल पोचलं का वर? का जिन्यातच संसार मांडलात?”

तिने टेबल एका पायरीवर टेकवलं. पदराने कपाळ पुसलं. मग वर बघितलं.

“ये,” ती म्हणाली.